तानाबाईंचं खातं, गुंडूचा नंबर

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानांची ओळ जिथं संपते, तिथल्या शेवटच्या दुकानाच्या पायरीवर गुंडू वरुटे एकतीस वर्षं बसत आला आहे. समोर काचेच्या झाकणाची लाकडी पेटी, पेटीत दहाच्या-वीसच्या करकरीत नोटा मांडलेल्या आणि मागं भिंतीला पत्र्याचा बोर्ड : फाटक्या, जळक्या, कुरतडलेल्या नोटा बदलून मिळतील. 'कुरतडलेल्या' हा शब्द रंगाऱ्याला जागा पुरली नाही म्हणून शेवटाकडं बारीक होत गेलेला आहे.

गुंडू मूळचा गारगोटीकडचा. विसाव्या वर्षी कोल्हापुरात हमालीला आला. सहा-सात वर्षं पोती वाहिली आणि एक दिवस शंभर किलोच्या पोत्याखाली कमरेत उसण भरली ती कायमचीच. डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं. ज्या दुकानात तो पोती उतरवायचा, त्या मालकानं मग गल्ल्यात साठलेल्या फाटक्या नोटांचा जुडगा त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "जा, बँकेतनं बदलून आण. निम्मा दिवस मोडंल, पर तुझा दिवस आता मोकळाच हाय." त्या दिवशी गुंडूला कळलं की लोकांना पैसे हवे असतात, पण त्यासाठी रांगेत उभं राहायला वेळ नसतो. दुसऱ्याच्या वतीनं रांगेत उभं राहणं हाच त्याचा धंदा झाला.

धंद्याचे नियम त्याला तोंडपाठ होते. पन्नासच्या किंवा त्यावरच्या नोटेचे पाचातले चार भाग शाबूत असले तर बँक पूर्ण पैसे देते, दोन भाग असले तर निम्मे, त्याच्या खाली काहीच नाही. हे मोजायला त्यानं एक्स-रेची जुनी फिल्म धुऊन तिच्यावर दाभणानं चौकोन पाडले होते. फिल्म नोटेवर ठेवायची आणि चौकोन मोजायचे. पुढं पुढं तिचीही गरज उरली नाही. नुसतं बघून तो सांगायचा, "ही पूर्ण. ही निम्मी. ही ठेवा घरात, पोरं खेळतील." शंभराच्या नोटेमागं तो वीस रुपये घ्यायचा. कुणी कुरकुर केली तर शांतपणे सांगायचा, "बँक फुकट बदलून देती की. जावा बँकेत." आणि लोक वीस रुपये सोडून जायचे.

नाकानंही त्याला नोट ओळखता यायची. गुऱ्हाळावरनं आलेली नोट चिकट आणि गोडसर, मासळी बाजारातली सांगायलाच नको, दूधवाल्याची आंबूस. घरी बायको, शालूबाई, रात्रीच्या भाताची खळ करून पतंगाच्या कागदाच्या पट्ट्यांनी नोटा जोडायची. तिचा हात त्याच्यापेक्षा हलका होता. एकुलती एक मुलगी तेजस्वी कॉलेज संपवून राजारामपुरीतल्या एका कापड दुकानात काउंटरवर लागली होती. आपल्या दुकानात आता शंभरातली साठ गिऱ्हाइकं कार्ड घासतात, असं ती जेवताना सांगायची. गुंडू ऐकून घ्यायचा. कार्ड घासणारे लोक मुळात त्याचे गिऱ्हाईक कधीच नव्हते.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा आणि कृष्णा एकदमच अंगावर आल्या. टेंबलाईवाडीत, गुंडूच्या घराकडं, पाणी यायचा प्रश्न नव्हता, पण खाली निम्मं शहर पाण्यात होतं. शिरोळ तालुक्यात तर गावंच्या गावं तुटली. पाणी उतरल्यावर आठवड्याभरात लक्ष्मीपुरीच्या पायरीसमोर लोक यायला लागले. कुणाचा गल्ला बुडालेला, कुणाचं कपाट, कुणाची गादीखालची पिशवी. नोटांना बुरशी चढलेली, गाळाचा वास. शालूबाईच्या स्वयंपाकघरात दोऱ्या बांधल्या गेल्या आणि चिमट्यांना नोटा लटकल्या. तोवरच्या सगळ्या वर्षांत त्यानं जेवढं महिन्याला मिळवलं नव्हतं तेवढं त्या सप्टेंबरात आठवड्याला मिळवलं. पुराचं त्याला वाईट वाटत होतं आणि धंदा चांगला चालला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

अशात एका दुपारी एक बाई पायरीपाशी येऊन उभी राहिली. वय सत्तरीला टेकलेलं, नऊवारी लुगडं, हातात झाकणाची दुधाची किटली.

"पावणं, नोटा बदलून देता न्हवं?"

"देतो की आक्का. किती हाईत?"

"ते तुमीच सांगा," म्हणून बाईंनी झाकण काढून किटली उपडी धरली. आतून काहीच पडलं नाही. गुंडूनं वाकून बघितलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला नोटांचा गठ्ठा पाण्यानं फुगून किटलीच्या गळ्याच्या आत घट्ट बसला होता.

बाईंचं नाव तानाबाई खोत, गाव कुरुंदवाड. होडीतून बाहेर काढलं तेव्हा त्यांनी आधार कार्ड पोलक्यात घातलं होतं. किटली गोठ्यातल्या गवाणीखाली पुरलेली, तिथंच राहिली. नऊ दिवस ती पाण्याखाली होती. तालुक्याच्या बँकेत गेल्या तर तिथल्या माणसानं, असा गोळा आम्ही घेत नाही, मुंबईला रिझर्व्ह बँकेत न्या, असं सांगून वाटेला लावलं होतं.

शेजारच्या पत्रेवाल्याकडून गुंडूनं किटली कापून घेतली. विटेएवढा गोळा बाहेर आला. गुंडूनं तो तळहातावर तोलला, कडेनं नख फिरवलं.

"आक्का, हाय असा देत असाल तर पंधरा हजार देतो. आत्ता, रोख."

तानाबाईंनी त्याच्याकडं नीट बघितलं. "न सोडवताच पंधरा देतायसा, म्हंजे आत लई जास्त हाईत."

"असतील, नसतील. नशिबाचा खेळ हाय."

"मग सोडवूनच बघूया की."

"सोडवायची मजुरी रुपयाला चार आणे."

"दोन आणे," तानाबाई म्हणाल्या. "आनि माज्या डोळ्यांदेखत सोडवायचं."

"चार दिवस लागतील आक्का."

"मग चार दिवस बसतो. माज्या घरात गुडघाभर गाळ हाय. मला तरी कुठं घाई हाय?"

पायरीवर बसून गोळा सोडवता येत नाही, ते काम घरचं, असं गुंडूनं सांगितल्यावर तानाबाई म्हणाल्या, "मग घर दाखवा." अशा रीतीनं संध्याकाळच्या बसनं गुंडू एक गिऱ्हाईक घेऊन घरी आला. शालूबाईनं नवऱ्याकडं बघितलं, बाईंकडं बघितलं, आणि परातीत पाणी घालून आणखी दोन भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

जेवताना शालूबाईनं विचारलं, "आक्का, घरात सांगून आलाय न्हवं?"

"थोरल्याला सांगितलंय, कोल्हापुरात बहिणीकडं जातो."

"बहीण कुठं असत्या?"

"चार वर्सामागं वारली. त्याच्या ध्यानात न्हाय."

दोन मुलगे, दोघांच्या बायका, नातवंडं, सगळं एकाच घरात. तानाबाईंच्या दोन म्हशी. दूध संस्थेत दहा दिवसांनी बिल मिळायचं त्यातलं घरखर्चाला देऊन जे उरायचं ते किटलीत जायचं. नवरा होता तेव्हापासून ही सवय. नवऱ्याला ठाऊक नव्हतं आणि मुलांनाही नव्हतं. किटलीचं कुणाला कळलं तर तिचं काय होईल याविषयी त्यांना शंका नव्हती. "वाईट न्हाईत पोरं," त्या म्हणाल्या. "पर पैसा दिसला की कुणालाबी त्याचा उपयोग सुचतोय."

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. गोळा ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवायचा, मग उकळत्या पातेल्याच्या वाफेवर धरायचा आणि बांबूच्या पातळ कामटीनं एकेक नोट उचलायची. ओढायची नाही, उचलायची. सुटलेली नोट वर्तमानपत्राच्या घडीत. तानाबाई पाटावर बसून बघायच्या. दुपारपर्यंत त्यांना बघत बसण्याचा कंटाळा आला. "आण हिकडं ती कामटी," म्हणून त्यांनी शालूबाईच्या हातातनं काम घेतलं. आयुष्यभर वासरांच्या कोवळ्या कानांतल्या गोचिडी काढलेली ती बोटं. त्यांच्याकडून एकही नोट फाटली नाही.

वरच्या थरात नव्या पाचशेच्या, दोनशेच्या, शंभराच्या. मध्ये शंभर आणि पन्नास. तिसऱ्या दिवशी सकाळी गुंडूच्या कामटीवर एक वेगळी नोट आली. रंग पिवळसर, आकार मोठा. त्यानं ती उचलून बाजूला ठेवली. खालची तशीच. तिच्या खालचीही.

जुन्या पाचशेच्या नोटा. २०१६ सालीच बंद झालेल्या.

गुंडूनं हात थांबवला. शालूबाईनंही बघितलं. सांगायचं कुणी, हा प्रश्न होता.

"थांबलायसा का?" तानाबाई म्हणाल्या. "सोडवा की."

"आक्का, ह्या चालत न्हाईत. ह्या तीन वर्सामागं..."

"मला ठाऊक हाय. बंद झाल्या. थोरल्यानं टीव्ही लावला हुता, सगळं ऐकलं मी. पन्नास दिवस सगळं गाव बँकेत उभं हुतं."

"मग तवाच का दिल्या न्हाईसा?"

"द्यायच्या म्हंजे खात्यावर भरायच्या. माजं खातं न्हाय. थोरल्याचं हाय. त्याला सांगाय लागलं असतं." तानाबाईंनी लुगड्याचा काठ सारखा केला. "मी म्हटलं, राहू देत. खाली ह्या, वर नव्या. किटली जड लागती उचलताना, तेवढंच बरं वाटतंय."

सत्तेचाळीस नोटा निघाल्या. साडेतेवीस हजार. गुंडूनं त्यांना सांगितलं की असल्या दहाच्या वर नोटा जवळ ठेवणंसुद्धा आता गुन्हा आहे, त्यामुळं त्या बँकेत न्यायच्या नाहीत आणि घरातही ठेवायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणातला बंब पेटवताना शालूबाईला त्या तिथं उभ्या दिसल्या. त्यांनी स्वतःच्या हातानं नोटा बंबात घातल्या. ओलसर असल्यानं त्यांचा नुसता धूर झाला, ज्वाळ काही आली नाही. शालूबाईनं वर चार गोवऱ्या सारल्या. पाणी तापल्यावर तानाबाईंनी त्याच पाण्यानं अंघोळ केली आणि ओले केस पुसत म्हणाल्या, "एवढ्या महागाच्या पाण्यानं राणीनंबी अंघोळ केली नसंल." शालूबाईला हसावं की नाही कळेना. तानाबाई हसल्या, मग तीही हसली.

चालणाऱ्या नोटा अठ्ठावन्न हजारांच्या निघाल्या. लक्ष्मीपुरीतल्या ज्या बँकेत गुंडू नेहमी जायचा तिथं कालिंदी जोशी नावाच्या कॅशियर बाई होत्या. गुंडूला त्या बारा वर्षं ओळखत. त्यांनी नोटा लावून बघितल्या, काही पूर्ण धरल्या, काही निम्म्या, नऊ परत केल्या. सगळं मिळून एक्कावन्न हजार दोनशे बसले.

"पण काका, इतक्या नोटांचे पैसे मी हातात देऊ शकत नाही," कालिंदी मॅडम म्हणाल्या. "पावती देते. पैसे खात्यावर जमा होतील. आजींचं खातं?"

"न्हाय," तानाबाई म्हणाल्या. "आनि पोराच्या खात्यावर घालायचं न्हाय."

"मग तुमचंच उघडू. आधार आहे ना?"

बोटाचा ठसा मशीन घेईना. शेण, पाणी आणि वैरण यांत चाळीस वर्षं झिजलेली बोटं. तीन वेळा लाल दिवा लागला. चौथ्या वेळी डाव्या अंगठ्यानं काम झालं. मग अर्जावर मोबाइल नंबरची जागा आली.

"फोन न्हाय मला."

"घरात कुणाचा?"

तानाबाईंनी नुसती मान हलवली. कालिंदी मॅडमनी पेन टेकवून ठेवलं. मागं रांग वाढत होती.

"माझा घाला तात्पुरता," गुंडू म्हणाला.

"काका, खरं तर असं करू नये. आजी, स्वतःचा नंबर घेतलात की लगेच येऊन बदला." आणि त्यांनी गुंडूचा नंबर लिहिला.

कार्ड थोरल्याच्या हाती पडू नये म्हणून पत्ताही गुंडूचाच दिला होता; ते पंधरा दिवसांनी आलं. तानाबाई ते घ्यायला आल्या. आकडे त्यांना येत होते. दूध संस्थेच्या पावतीवर लिटर आणि फॅट वाचून वाचून आलेले. बँकेच्या मशीनपाशी चार आकडे घालायची वेळ आली तेव्हा गुंडू पाठ फिरवून रस्त्याकडं बघत उभा राहिला. तानाबाईंनी पाचशे रुपये काढून बघितले. नोट हातात आल्यावर उलटसुलट केली, कार्डही उलटसुलट केलं.

"ह्यात पाणी शिरत न्हाय न्हवं?"

"न्हाय आक्का."

"आनि थोरल्याला दिसत न्हाय."

"न्हाय."

मजुरीचे सहा हजार चारशे त्यांनी पुढच्या फेरीत मोजून दिले, एक रुपया कमी नाही. शालूबाईचं म्हणणं, चार दिवस घरात राहिलेल्या, एका बंबाच्या पाण्यानं अंघोळ केलेल्या बाईकडून मजुरी घ्यायची नाही. गुंडूनं घेतली. ठरलं होतं ते ठरलं होतं.

त्यानंतर त्याच्या फोनवर मेसेज यायला लागले.

पहिला आला तेव्हा त्याला कशाचा ते कळेना. तेजस्वीनं वाचून दाखवला : कुरुंदवाडच्या एका मेडिकलमध्ये एकशे ऐंशी रुपये, कार्डानं. "बाबा, त्या आजींचं खातं तुमच्या नंबरवर आहे. त्यांनी कार्ड वापरलं की तुम्हाला कळणार." मग दर दहा दिवसांनी दूध संस्थेचं बिल जमा व्हायला लागलं. म्हणजे आक्कांनी संस्थेत जाऊन खातं बदलून घेतलं होतं. मग कधी एटीएममधून पाचशे. चपलेच्या दुकानात साडेतीनशे. एका गुरुवारी नृसिंहवाडीत मिठाईच्या दुकानात दोनशे चाळीस.

"बासुंदी घेतली असंल," शालूबाई म्हणायची. "वाडीची बासुंदी. एकटीनं खाल्ली असंल का नातवंडास्नी नेली असंल?"

सासरी गेलेल्या मुलीची बातमी यावी तशी ती त्या मेसेजची वाट बघायला लागली. गुंडू संध्याकाळी हातपाय धुऊन बसला की विचारायची, "आक्काचं काय?" तो वाचायचा. दुकान, रक्कम, वेळ. शेवटच्या ओळीत शिल्लक लिहिलेली असायची. ती तो कधी वाचून दाखवायचा नाही. शालूबाईनं कधी विचारलीही नाही.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये सगळंच बंद झालं. लक्ष्मीपुरीला पोलिसांचे कठडे लागले. गुंडू टेंबलाईवाडीत दोन खोल्यांत बसून राहिला. मग दुकानं उघडली तेव्हा लोक नोटेला हात लावायला भ्यायला लागले होते. कुणी चिमट्यानं नोट धरायचं, कुणी ती उन्हात टाकायचं, कुणी दाराबाहेर स्टिकर लावून 'फोनवरच पैसे द्या' म्हणायचं. भाजीवाल्या बायकांच्या टोपल्यांना चौकोनी काळ्या ठिपक्यांचे कागद लटकले. पायरीवर दिवसाला पन्नास नोटा यायच्या त्या दहा-बारावर आल्या. आणि गुंडूच्या लक्षात आलं की ज्या येतात त्याही फारशा फाटलेल्या नसतात. नोट फाटते ती फिरून फिरून. आता ती एकदा बाहेर पडली की महिना महिना कुठं तरी गप्प पडून राहते. नोटा म्हाताऱ्याच होईनात.

तानाबाईंचे मेसेज मात्र लॉकडाऊनमध्येही चालू होते. मेडिकल, किराणा, दूध बिल. ते आले की शालूबाई म्हणायची, "बरी हाय म्हणायची."

पुढच्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका शनिवारी जयसिंगपूरच्या एका दुकानाचा मेसेज आला. अकरा हजार चारशे नव्याण्णव. गुंडूनं दोनदा वाचला. एवढी रक्कम दीड वर्षात कधी गेली नव्हती. कार्ड थोरल्याच्या हातात पडलं, हे त्याच्या डोक्यात पहिलं आलं. दुसरं, आक्का आजारी असतील आणि कार्ड कुणी तरी काढून घेतलं असेल. शालूबाईनं तर चुलीवरचं पातेलंच उतरवलं. "जावा तुमी. उद्याच्याला जावा. रविवारचं गिऱ्हाईक बुडलं तर बुडू द्या."

रविवारी सकाळच्या गाडीनं तो कुरुंदवाडला गेला. विचारत विचारत घर गाठलं. अंगणात साडेपाच फुटी, मिशा राखलेला एक माणूस म्हशीला पाणी दाखवत होता.

"कोण पायजे पावणं?"

गुंडूनं बसमध्ये सगळा विचार केला होता, पण ह्या प्रश्नाचा केला नव्हता. आक्का पाहिजेत म्हणावं तर का, ते सांगावं लागेल. त्याच्या तोंडून निघून गेलं, "म्हस बघायला आलतो. इकायची हाय म्हणून कळलं."

"कुणी सांगितलं?" म्हणत उदयसिंहानं, तानाबाईंचा थोरला तो, बादली खाली ठेवली. पण दाराशी आलेलं गिऱ्हाईक कोण सोडतो? "दुसऱ्या वेताची हाय. एका वक्ताला सात लिटर. नव्वदच्या खाली बोलायचं न्हाय." त्यानं म्हशीचे दात दाखवले, कास दाखवली. शेती बघत वाढलेल्या, पण तीस वर्षं नोटांशिवाय काही न बघितलेल्या गुंडूनं कासेकडं बघून मान डोलावली.

तेवढ्यात तानाबाई बाहेर आल्या. त्यांनी गुंडूला बघितलं, मुलाला बघितलं आणि एका क्षणात सगळं ओळखलं.

"माजी म्हस मला न इचारता कोण इकतंय रं? जा, वैरण आण जा." मुलगा कुरकुरत रानाकडं गेला. तानाबाईंनी गुंडूला गोठ्याच्या कडेला नेलं. "गुंडू, हिकडं कशाला आलास?"

"आक्का, काल जयसिंगपुरात अकरा हजार गेलं. म्हटलं कार्ड कुणी..."

"मी गेलतो. फोन घेतला." त्यांनी कनवटीची पिशवी सोडून नवा फोन दाखवला. नात मोना बरोबर गेली होती. "बँकेतल्या बाईनं सांगितलेलं न्हवं का, स्वताचा नंबर घे म्हणून." मग त्या थांबल्या. "तुला कसं कळलं?"

"मेसेज येतोय. तुमी कार्ड चालवलं की माज्या फोनवर येतोय."

"बघू."

गुंडूनं फोन पुढं केला. अक्षरं त्यांना येत नव्हती, पण आकडे येत होते. अंगठ्यानं वर सरकवत त्या एकेक आकडा बघत गेल्या. एकशे ऐंशी. साडेतीनशे. दोनशे चाळीस.

"हे वाडीचं," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"म्हंजे मी बासुंदी खाल्ली ते तुला ठाऊक."

"व्हय आक्का."

"आनि शालूला?"

"तिलाबी."

"दीड वरीस." त्यांचा आवाज चढला नव्हता. "आनि मी म्हणायलोय, माजं मलाच ठाऊक."

"मी शिल्लक कुणाला सांगितली न्हाय. शालूलाबी न्हाय. शपथ."

"पर तुला ठाऊक हाय न्हवं?"

"हाय."

"मग झालं की." त्यांनी फोन परत दिला. "उद्या येतो मी बँकेत. तुजा नंबर काढायचा."

चहा त्यांनी दिला. गुंडूनं तो उभ्यानंच घेतला आणि दुपारच्या गाडीनं परतला. खरं म्हणजे त्यानं काही वाईट केलं नव्हतं, असं तो स्वतःला सांगत होता. वाईट वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आपण एवढे दिवस बघत होतो आणि ते बघणं आहे हे आपल्याला कधी वाटलंच नाही, ह्याचं.

सोमवारी तानाबाई आल्या. कालिंदी मॅडमनी अर्ज भरून घेतला, अंगठा घेतला, नवा नंबर घातला. गुंडूच्या फोनवर शेवटचा मेसेज आला : आपला मोबाइल नंबर बदलला आहे. बँकेतल्या बाकावर बसून तानाबाई म्हणाल्या, "आता ते सगळं पूस."

"सगळं?"

"सगळं. माज्यासमोर."

शंभरावर मेसेज होते. एकदम पुसायचं कसं ते गुंडूला येत नव्हतं आणि तेजस्वी दुकानात होती. त्यानं एकेक धरून पुसायला सुरुवात केली. तानाबाई शेजारी बसून बघत होत्या, तशाच, पाटावर बसून नोटा सुटताना बघायच्या तशा. पाऊण तास लागला. संपल्यावर त्यांनी पिशवीतून एक छोटा डबा काढून त्याच्या हातात ठेवला. "शालूला दे. घरचं लोणी हाय." आणि स्टँडकडं चालायला लागल्या.

शालूबाई दोन दिवस नवऱ्याशी धड बोलली नाही. सगळं पुसायची काय गरज होती, एखादा ठेवायचा, असं तिचं म्हणणं. लोण्याचं तिनं तूप कढवलं.

त्या जुलैत पुन्हा पाणी आलं. गुंडूनं वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि कामट्या तयार ठेवल्या होत्या. पण पाणी उतरल्यावर आख्ख्या हंगामात मिळून जेमतेम अकरा गिऱ्हाइकं आली. बाकीच्यांचे पैसे बुडण्यासारख्या जागी नव्हतेच. धंद्याचं पुढं काय होणार ते त्याला त्या अकरा जणांवरून कळून चुकलं.

तेजस्वीनं एक दिवस त्याच्या फोनवर पैसे पाठवायची सोय करून दिली. "लोक फाटकी नोट देतील आणि म्हणतील, पैसे फोनवर टाका. तुमच्याकडं काय उत्तर आहे?" महिन्याभरात तसं गिऱ्हाईक आलंच. पोरगेलासा एक माणूस, गळ्यात कंपनीचा पट्टा. पाकिटात वर्षभर पडून राहिलेली, घडीवर चिरलेली पाचशेची नोट. गुंडूनं नोट घेतली, आणि चष्मा लावून, एकेक आकडा दाबत, चारशे रुपये पाठवले. पेटीतल्या कोऱ्या नोटांना हात लागला नाही. माणूस स्वतःच्या फोनकडं बघून "आले" म्हणाला आणि गेला.

तानाबाईंचा फोन दिवाळीला येतो. तो शालूबाईच घेते. म्हशीला काय झालं, मोनाची बारावी कशी गेली, कुणाचं लग्न ठरलं, असं अर्धा अर्धा तास चालतं. गुंडूला त्या विचारतात, "बरा हाय न्हवं?" तो म्हणतो, "बरा हाय आक्का." बासुंदीचा किंवा पैशाचा विषय कुणी काढत नाही.

आता तो फक्त रविवारी आणि बुधवारी बसतो. पायरीची निम्मी जागा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या एका बाईला दिली आहे. तिचं गिऱ्हाईक जास्त असतं, त्यामुळं तिची टोपली हळूहळू त्याच्या पेटीपर्यंत सरकत आली आहे. बाकीचे दिवस तो जुन्या मालकाच्या मुलाच्या दुकानात पोती मोजून घेतो. उचलायची नसतात, नुसती मोजायची असतात. दुपारी एकला जेवायला घरी येतो आणि शालूबाईनं केलेला भात सगळा संपवतो, कारण खळीसाठी आता तो उरवून ठेवावा लागत नाही.